पोरगी कॅलेंडरवर खोटे मार्क लिहीत होती, मी तर कधी ओरडलोच नाही, मग का?

मेडिकलवाला (राजारामपुरी):

मंडळी, लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या. माझं औषधाचं दुकान आहे. आमच्या वेळी मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून डी. फार्म केलं, तक्रार काही नाही. पोरगी बारावीला, नीटचा क्लास चालू आहे.

स्वयंपाकघरात दाराच्या मागं कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचे खाडे, गॅस कधी लावला ते, आणि जूनपासून रविवारच्या चौकटीत पोरीचे टेस्टचे मार्क, 720 पैकी, ती स्वतःच लाल पेनानं लिहायची. 462, 475, 487, 500. मी सकाळी चहा घेताना बघायचो आणि मनातल्या मनात खूश व्हायचो. परवा क्लासचा हप्ता भरायला गेलो तर सर म्हणाले, "तिला जरा धीर द्या, तीनशेच्या वर सरकंना झालीय." मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं सांगायलेत. शीट दाखवली, 298, 312, 287. मार्कांचा मेसेज ज्या नंबरवर जातो तो फॉर्म भरताना तिनं स्वतःचाच दिलेला, आणि फॉर्म मीच सही करून दिलेला, न वाचता.

आता बघतोय तर दर आठवड्याला बारा-तेरा मार्कांची वाढ, एकदा पण खाली नाही. इतकी शिस्तीत वाढ आमच्या उधारीच्या वहीत पण होत नाही, निदान धंदेवाल्याला तरी हे कळायला पाहिजे होतं.

घरात मारणं-ओरडणं कधीच नाही. फक्त ती चार वर्षांची असल्यापासून तिला सगळे 'डॉक्टर मॅडम' म्हणतात, दुकानात येणारे औषध कंपन्यांचे एमआर पण म्हणतात, आजी तर गुडघा तिलाच दाखवते. तिला अजून काही बोललो नाही. मिसेस म्हणते परीक्षा होऊ दे मग बघू, भाऊ म्हणतो एक वर्ष ड्रॉप घेऊ दे. माझं विचारणं एवढंच की न ओरडता पण पोरांवर एवढं दडपण येतं का, आणि आता विषय काढायचा कसा?

उद्यमनगरचा_भावा:

भावा, रागावू नको, पण तिनं 298 लिहिलं असतं तर तू काय केलं असतंस? ओरडला नसतास, मान्य. तोंड तर उतरलं असतं की नाही? चहा अर्धा ठेवून दुकानात गेला असतास की नाही? पोरांना ते तोंडच बघवत नाही लका, मार परवडला.

आमचे वडील फौंड्रीवाले. 'तू हेच कर' असं एकदाही म्हणाले नाहीत. फक्त मे महिन्याच्या सुट्टीत शॉपवर न्यायचे आणि कामगारांसमोर खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, हे आमचं पुढचं मालक. सहावीत असल्यापासून. आता मी मालक आहे, बरं चाललंय, दोन पैसे मिळतात, पण तुला काय व्हायचंय असं मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. माझ्या पोराला मी विचारतो. तो म्हणतो यूट्यूबर. ते वेगळंच दुखणं.

पाटी_पेन्सिल:

मी शाळेत शिकवते, 24 वर्षं झाली. तुमची गोष्ट वाचून मला एक प्रयोग आठवला. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीच्या पोरांवर केलेला, 1998 ला छापून आला. पोरांना कोडी सोडवायला दिली. मग काहींना म्हटलं, तू हुशार आहेस, काहींना म्हटलं, तू मेहनत चांगली घेतलीस. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, साहजिकच सगळी आपटली. मग सांगितलं की दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी पोराला तुझे मार्क लिहून कळव, वर नाव घालायचं नाही. तर 'हुशार' म्हटलेल्यांतल्या जवळपास 40 टक्के पोरांनी मार्क वाढवून लिहिले, मेहनतवाल्यांत हेच प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास होतं. बघा, ना मारायला कुणी, ना विचारायला कुणी, तरी खोटं लिहिलं. 'डॉक्टर मॅडम' हे त्यातलंच आहे हो. लाडाचं नाव आहे, पण 298 मार्क पडल्यावर त्या नावाचं तिनं करायचं काय?

आणि अजून एक. आपल्याला पोरगं जिथं पोचावं असं वाटतं ते एक, आणि ते जिथं पोचेल असा आपला खरा अंदाज असतो ते दुसरं. जर्मनीत बव्हेरियातल्या साडेतीन हजारांवर पोरांचा गणिताचा अभ्यास वर्षानुवर्षं तपासला (2016 ला छापलं), त्यात आईबापाची इच्छा अंदाजाच्या लई पुढं पळाली तिथं पोरांचे मार्क घसरलेले दिसले. नुसती मोठी इच्छा मात्र वाईट निघाली नाही, हे पण खरं. त्यामुळं अपेक्षाच नको असं मी म्हणणार नाही.

बिद्रीकर:

बाईंचं शेवटचं वाक्य बरोबर, त्याच्या आधीचं जरा शहरी वाटलं. मी ऊसतोडीच्या गावचा. आमच्या आईला सही येत नव्हती, तिनं अपेक्षा केली नसती तर मी आज ट्रॅक्टरवर असतो. शाहू महाराजांनी 1917 ला सक्तीचं शिक्षण केलं तेव्हा पोरगं शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड ठेवला होता, म्हणजे अपेक्षाच की. आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघा, राधानगरी तालुक्यातलं पोरगं, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ घेऊन आलं. शिक्षक बापानं क्रीडा प्रबोधिनीत घातलं नसतं तर रायफल हातात आली असती काय? सगळं पोरांवर सोडलं तर ती मोबाईल बघत बसतात, आमच्या घरात बघतोय ना.

उद्यमनगरचा_भावा:

@बिद्रीकर आवं पण प्रबोधिनीत घातलं बापानं, नेमबाजी निवडली पोरानं. बाप मैदानापर्यंत घेऊन गेला आणि तिथं थांबला. तुमच्या आईनं पण शिक म्हटलं, अमुकच हो म्हटलं काय?

बिद्रीकर:

नाही म्हटलं. तिला अमुक म्हणजे काय काय असतं तेच माहीत नव्हतं म्हणा. असो, मुद्दा आहे तुमचा.

डबल_ड्रॉप:

मी इथं फक्त वाचत असतो, पण आज लिहितोच. (मुलगी आहे हां, कोल्हापूरची आहे म्हणून करतो-जातो, बाहेरच्यांनी गोंधळू नका.) मी दोन वर्षं ड्रॉप घेतला. दुसऱ्या वर्षी क्लासला जातो सांगून रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला बसायचो, सॅक मांडीवर, डबा तिथंच खायचो. वाईट कशाचं वाटायचं माहितीय काय, अभ्यास होत नाही याचं नाही, घरी गेल्यावर पप्पा गरम पाणी काढून ठेवायचे त्याचं. पोरगी दमून आली म्हणून. ते ओरडले असते तर मी एका दिवसात सांगून टाकलं असतं.

काका, परीक्षेनंतर बघू म्हणू नका. खोटं सांभाळायलाच अर्धा दिवस जातो, मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवायला लागतं. 2024 ला नीटला 23 लाखांवर पोरं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, म्हणजे 298 वाली ती एकटी नाही. आणि ड्रॉपचं भावाला ठरवू देऊ नका. बायोलॉजीवाल्यांना सीईटीवरून फार्मसी आहे, ॲग्री आहे, मी ॲग्रीच केलं. पण हे सगळं पहिल्याच दिवशी तिच्यापुढं मांडू नका, नाहीतर तिला वाटेल डॉक्टर गेलं आणि आता दुसरी यादी आली. रात्री झोपत नसेल, जेवत नसेल तर 14416 वर टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. मी केला होता फोन.

पाटी_पेन्सिल:

गरम पाण्याचं वाचून पोटात कालवलं गं.

मेडिकलवाला:

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितोय.

विषय काढायची पद्धत सापडली नाही, शेवटी दुकान बंद करताना तिला डबा घेऊन बोलावलं आणि शटर अर्धं ओढून माझं बारावीचं मार्कलिस्ट दाखवलं. फिजिक्सला 41. घरात आजपर्यंत मी 'थोडक्यात हुकलं' असंच सांगत आलोय, वर लिहिलंय बघा, तुम्हाला पण तेच सांगितलं. थोडक्यात बिडक्यात काही नव्हतं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण?" मग रडली, मग हसली, मग परत रडली. पुढं काय करायचं विचारलं तर म्हणाली, मला काय व्हायचंय ते मला ठाऊकच नाही, तो विचार कधी केलाच नाही, आधीच ठरलेलं होतं ना. नीट देणार म्हणते, ड्रॉप नको म्हणते. एवढंच ठरलंय. आजीला गुडघ्याचं सांगून ठेवलंय, ती ऐकत नाही.

आज रविवार, टेस्ट झाली. चौकट कोरी आहे. मी विचारलं नाही. दूध आलं नव्हतं, तेवढा खाडा मांडला.