आबाजींच्या पेटीतली ‘सिमला बीट’ : कोणाला काही माहिती?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आबाजींची लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. म्हणजे दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, ट्रकची बॅटरी आणि रेकॉर्डची लोखंडी पेटी बंडीत टाकायची अन् दारव्हा-दिग्रसकडची लग्नं वाजवायची. ते जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा छताला ओल आली म्हणून माळ्यावरची पेटी खाली काढली. आत ६३ रेकॉर्ड. बहुतेक लाखेच्या जड ७८ वाल्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या), पाचसात फुटलेल्या. प्रत्येक पाकिटावर निळ्या पेन्सिलीनं आबाजींचं अक्षर : ‘वरात’, ‘पंगत’, ‘पाठवणी’. ‘गुमनाम’वर ‘वरात, पोरं नाचतात’. एका भजनावर ‘पाऊस आल्यास’ लिहिलंय, ते काही डोक्यात शिरत नाही.

या सगळ्यात एक मोठी इंग्रजी रेकॉर्ड निघाली, ‘सिमला बीट ७०’. मला वाटलं थंड हवेच्या ठिकाणाची जाहिरात असेल. लावली तर गिटारचा असा आवाज, की मोटरपंपाला एक फेज कमी आल्यावर तो घुमतो ना, तसा. यावर लिहिलंय ‘भोंग्यावर नाही’. आजीला विचारलं. ती म्हणे, “एकदा लावली व्हती तुह्या आबाजीनं वरातीत. घोडी बिचकली अन् नवरदेव नालीत गेला. तवापासून नाही लावली.”

हे नेमकं आहे काय? आणि वाजवताना खरखर येते, सुईचा हात मधेच सरकत जातो. रेकॉर्ड गेली का? स्पिरिटनं पुसू का? मशीनचा फोटो टाकतो.

रात्रपाळी
अरे भाऊ, जपून! सिमला म्हणजे गाव नाही, सिगारेट. इंपीरियल टोबॅको कंपनीचा हा ब्रँड होता. त्या नावानं कंपनी देशभरातल्या कॉलेजच्या पोरांच्या बँडची स्पर्धा घ्यायची. त्यातल्या निवडक बँडची गाणी १९७० आणि १९७१ अशा दोन एलपींवर, म्हणजे ३३ च्या स्पीडच्या मोठ्या रेकॉर्डवर, निघाली. तुझ्यावाल्या ७० मध्ये मद्रासचे कन्फ्युजन्स, बंगलोरचे डायनासोर्स वगैरे आहेत. ७१ वर शिलाँगचे फेन्टोन्स. बहुतेक बँड त्यानंतर मोडले, पोरं नोकरीधंद्याला लागली. पुढं बाहेरच्या देशात लोकांनी या रेकॉर्ड शोधून पुन्हा छापल्या, तेव्हा कुठं आपल्याकडे नाव झालं. काही गाणी सरळ विलायती बँडची नक्कल आहे, तीही मध्यमच. पण कन्फ्युजन्सचं स्वतःचं गाणं ऐक, रात्री, दिवा बंद करून.

जुनासोल्डर
हिंगणघाटले माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगा मोबाइल दुरुस्त करते. फोटो पाहिला. रेकॉर्डले काही झालं नाही, सुई उलटी आहे. हाताच्या डोक्याखाली बारीक प्लास्टिकची पट्टी दिसते ना? तिच्या एका अंगावर ७८ लिहिलं, दुसऱ्या अंगावर एलपी. तुमच्यावाल्यात ७८ खाली आलंय. ७८ च्या सुईचं टोक साधारण ३ मिल, एलपीचं १ मिल. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डवऱ्याच्या बारीक तासात नांगराचा मोठा फाळ घातला तर तो आत बसते का? वरूनच घसरते. तेच होऊन राहिलं. पट्टी हलक्या हातानं पूर्ण फिरवा, टक् आवाज येते. स्पीड ३३ वर ठेवा.

आणि स्पिरिट अजिबात नाही!! लाखेची ७८ त्यानं विरघळते, चमक जाते, आवाज जाते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, रेघेच्या दिशेनं गोल. मधल्या कागदाले पाणी लागू देऊ नका. बॅटरीत टाकायचं पाणी चालते, बाटली नवी पाहिजे.

संत्राबर्फी
१५ हजार देतो. व्यक्तिगत निरोप पाठवा.

रात्रपाळी
पऱ्हाटी, निरोप उघडू नकोस.

मागचीबाक
मला त्या ‘गुमनाम’चं जास्त कौतुक वाटलं. आपण धरून चालतो की हिंदी सिनेमात गिटारचा हा धिंगाणा पंचमपासून, म्हणजे आर. डी. बर्मनपासून सुरू झाला. ‘गुमनाम’ १९६५ चा, संगीत शंकर-जयकिशनचं. ‘जान पहचान हो’ रफीसाहेबांनी गायलंय, पण पडद्यावर मागे गिटार घेऊन उभे आहेत ते सिनेमातले एक्स्ट्रा नाहीत. तो मुंबईचा खराखुरा बीट बँड, टेड लायन्स अँड हिज कब्स. नाचणारी लक्ष्मी छाया. २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच या गाण्यानं होते आणि तिकडची पोरं वेडी झाली. म्हणजे दारव्ह्याच्या वरातीत पोरं नाचली ती फार आधी. आबाजींना दोन्ही रेकॉर्ड एका पेटीत ठेवाव्याशा वाटल्या, याचं मला नवल नाही वाटत.

पऱ्हाटी
जुनासोल्डर काका, पट्टी फिरवली. टक् झालं! खरखर बरीच कमी झाली, हात जागेवर राहतो. अॅम्प्लिफायर मेलेला आहे, म्हणून लाइन काढून ट्रॅक्टरच्या टेपला दिली आणि अंगणात लावली. शेजारचे काका येऊन विचारून गेले, ट्रॅक्टर बिघडला का.

आजी म्हणते रेकॉर्ड सिगारेटच्या एजंटनं दिली. बाजाराच्या दिवशी आबाजींनी त्याच्यासाठी दिवसभर भोंगा लावला, पैसे निम्मेच मिळाले, बाकीच्यात ही. आबाजी स्वतः विडीसुद्धा ओढत नव्हते. विकणार नाही, संत्राबर्फी, माफ करा.

आणि ‘पाऊस आल्यास’चा उलगडा झाला. पंगत बसल्यावर पाऊस आला की आबाजी ते भजन लावायचे. लोक हात जोडून जागेवर बसून राहत, पत्रावळ सोडून कोणी उठत नसे.