ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो: ९२ मिनिटांचा व्हिडिओ कसा जुळवू?

निळीशाई:
चार वर्षांपूर्वी आईला कॅमेऱ्यासमोर बसवून तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसांबद्दल बोलतं केलं होतं. एकाच बैठकीत ९२ मिनिटं. पुढे तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज बदलला. तिचा आधीचा आवाज माझ्याकडे एवढाच आहे.

खोलीत उजेड कमी होता, म्हणून गेल्या आठवड्यात एका सॉफ्टवेअरमधून चित्र उजळून घेतलं. त्यातून नुसतं चित्र बाहेर येतं, आवाज येत नाही. मग मूळ फाइलमधला आवाज त्याला परत जोडला. सुरुवात अगदी बरोबर जुळते, पण जसजसं पुढे जावं तसतसा आवाज मागे पडतो. शेवटी आई गप्प बसून पाणी पीत असते आणि तिचं बोलणं चालूच असतं. मूळ फाइलमध्ये हा दोष नाही. काय करू?

वाटसरू७:
व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ लावून 'जे' दाबत राहा. दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. 'के' दाबला की उलट. जुळला की तो आकडा टिपून ठेवा आणि एमकेव्हीटूलनिक्समध्ये (चित्र आणि आवाज एका फाइलमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) ऑडिओ ट्रॅकच्या 'डिले'मध्ये (उशीर) उणे करून टाका. व्हीएलसीतला बदल फाइलमध्ये उतरत नाही, तो फक्त पाहण्यापुरता असतो.

निळीशाई:
करून पाहिलं. शेवट जुळवला की सुरुवात बिघडते, तिथे आई तोंड उघडायच्या आधीच बोलते.

कानोसा:
ताई, आवाज सरकवणं थांबवा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असेल तेव्हाच तो उपाय चालतो. तुमचा फरक वाढत जातोय, म्हणजे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या गतीने धावतायत. मी बरीच वर्षं मुलाखतींचं संकलन करतो. या दोन दुखण्यांची गल्लत झाली की माणसं आठवडाभर डिलेचे आकडे बदलत बसतात.

आधी मोजमाप हवं. चार ठिकाणं निवडा: सुरुवात, पाव, मध्य, शेवट. प्रत्येक ठिकाणी आई प, ब किंवा म उच्चारते असा शब्द शोधा. या वर्णांना ओठ पूर्ण मिटावेच लागतात, त्यामुळे ते उघडतात ती फ्रेम चुकत नाही. 'क' किंवा 'ह' घेऊन बसलात तर काही दिसणार नाही. कप टेबलावर ठेवल्याचा आवाज मिळाला तर त्याहून उत्तम. व्हीएलसीमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. चारही फरक इथे लिहा. शिवाय मीडियाइन्फोमध्ये (फाइलचा तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही फाइली उघडून फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, आणि एकूण लांबी पाहा.

निळीशाई:
रात्री बसून मोजलं. सुरुवातीला शून्य. २३ व्या मिनिटाला ('पगार' शब्दावर) १.४ सेकंद. ४६ व्या मिनिटाला ('मामा') २.८. अगदी शेवटी आई चष्मा टेबलावर ठेवते, तिथे ५.५. मूळ फाइलचा फ्रेमरेट २९.९७, उजळलेल्या फाइलचा ३०. लांबी १ तास ३२ मिनिटं आणि १ तास ३१ मिनिटं ५४ सेकंद.

कानोसा:
सापडलं. ९२ मिनिटांचे सेकंद ५५२०. त्याचा हजारावा भाग ५.५२. आणि ३० व २९.९७ यांत नेमका हजारात एकाचा फरक आहे.

अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा सेकंदाला ३० फ्रेमचा वेग किंचित कमी करून ३०००० भागिले १००१ केला गेला. तो अजून चालत आलाय. पुष्कळ कॅमेरे पडद्यावर '३०' दाखवतात आणि चित्रण २९.९७ ने करतात. तुमच्या सॉफ्टवेअरने त्याच फ्रेम सेकंदाला ३० या हिशेबाने मांडल्या. एकही फ्रेम हरवलेली नाही, फक्त चित्र थोडं लवकर संपतंय.

आता कोणीतरी सांगेल की ऑड्यासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो (गती) बदलून आवाज हजारात एकाने आखडा. जुळेलही, आणि फरक बहुधा कानाला कळणारही नाही. तरी ते करू नका. आवाज जसा मुद्रित झाला तसाच आहे, चूक चित्राच्या वेळेत आहे. दुरुस्तीही तिथेच व्हावी, विशेषतः हा आवाज पुन्हा मिळणार नसताना.

एमकेव्हीटूलनिक्समध्ये उजळलेली फाइल आणि मूळ फाइल दोन्ही घ्या. पहिलीतला फक्त व्हिडिओ ट्रॅक ठेवा, दुसरीतला फक्त ऑडिओ. व्हिडिओ ट्रॅक निवडून 'डिफॉल्ट ड्युरेशन/एफपीएस' या रकान्यात ३००००/१००१ भरा आणि लगेच जोडून इंग्रजी पी हे छोटं अक्षर. आकडे इंग्रजीच हवेत. डिले शून्यच राहू द्या. यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, म्हणजे चित्र नव्याने दाबून साठवलं जात नाही, त्यामुळे चित्राची प्रत घसरत नाही. काम थोड्या वेळात उरकतं.

दुपारचाचहा:
मध्येच विचारते. माझ्या फोनवरच्या व्हिडिओत फरक कधी वाढतो, कधी कमी होतो. हाच उपाय का?

कानोसा:
नाही. मीडियाइन्फोमध्ये फ्रेमरेट मोड 'व्हेरिएबल' (बदलता) दिसेल. कमी उजेडात फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि सेकंदाला फ्रेम कमी घेतो. काही एडिटर मात्र वेग ठराविक आहे असंच धरून चालतात. एडिटरमध्ये घेण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (ठराविक वेग) निवडून नवी फाइल काढा. मूळ फाइल पुसू नका.

निळीशाई:
झालं! दोन्ही लांबी आता सारख्या आहेत. 'पगार' जुळला, 'मामा' जुळला, चष्मा ठेवल्याचा आवाज त्याच फ्रेमवर येतो. पण आज ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिलं तर सगळीकडेच आवाज किंचित मागे वाटला. माझं काही राहिलं का?

कानोसा:
फाइलला हात लावू नका. तो उशीर हेडफोनचा आहे. वायरचा हेडफोन लावून पुन्हा पाहा. आवाज थोडा मागे असला तर आपण चालवून घेतो, कारण विजेमागून गडगडाट येतो हे कानाला लहानपणापासून ठाऊक असतं. पुढे गेलेला मात्र चटकन खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत जाणवण्याची मर्यादा आवाज पुढे असताना ४५ मिलिसेकंद आणि मागे असताना १२५ धरली आहे.

निळीशाई:
वायर लावली, बरोबर आहे. मूळ फाइल आणि ही नवी, दोन्ही दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या. आई आत्ता शेजारी बसून बघतेय. ४६ व्या मिनिटाला मामाची गोष्ट आली तेव्हा तिने मला थांबवायला सांगितलं, आणि तेवढीच पुन्हा लाव म्हणाली.