मदत हवी आहे: एसव्हीजी आयकॉनचा रंग काही केल्या बदलत नाही

कामाचीयादी:
मोफतचे एसव्हीजी (चित्र मजकुरात लिहिलेली फाइल) आयकॉन घेतले, माझ्या नो-कोड, म्हणजे कोड न लिहिता बनवलेल्या ॲपमध्ये टाकले, दिसतात पण सगळे काळेच. मला कामाच्या स्टेटसप्रमाणे रंग हवाय, बाकी असेल तर लाल आणि झालं असेल तर हिरवा. फाइल उघडून आत रंग बदलला की बदलतो, पण मग एकेका आयकॉनच्या चार चार फाइली करत बसायचं का? दोन दिवस गेलेत यात, प्लीज कुणीतरी सरळ सांगा.

पिक्सेलपंत:
कुठलं टूल, कुठला आयकॉन सेट, फाइल चढवलीय की लिंक दिलीय? यातलं काहीच लिहिलं नाहीयेस.

रेघोटी:
आत करंटकलर, म्हणजे 'बाहेरून मिळेल तो रंग', असं लिहिलेलं असेल ना, मग सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून) रंग दे, दोन मिनिटांचं काम आहे.

पिक्सेलपंत:
नो-कोडमध्ये सीएसएस कुठे लिहिणार तो? आणि इमेज म्हणून टाकलेल्या एसव्हीजीपर्यंत बाहेरचा रंग पोचतच नाही, म्हणून करंटकलर काळा दिसतो.

जुनाखेळाडू:
पीएनजी, म्हणजे साधं चित्र, करून टाका, मी कायम तेच करतो, कधी त्रास नाही.

कामाचीयादी:
सॉरी, टूल गूगलचं ॲपशीट आहे, आयकॉन ल्युसाइड या मोफत सेटचे, इमेज कॉलममध्ये लिंक दिलीय. पीएनजी नकोय, रंग बदलायचाय म्हणून तर विचारतोय.

शीटवाली:
लिंक काढून टाक. इमेज टाइपचा व्हर्च्युअल (फॉर्म्युल्यावर चालणारा) कॉलम कर, त्यात कॉन्कॅटिनेट (मजकूर जोडणारं फंक्शन) वापरून आधी डेटा यूआरआयची (फाइलच आत असलेल्या लिंकची) सुरुवात आणि पुढे आयकॉन फाइलमधला सगळा मजकूर पेस्ट कर. जिथे करंटकलर आहे तिथे मजकूर तोडून मध्ये स्टेटसप्रमाणे रंग निवडणारा इफ घाल. आतली दुहेरी अवतरणचिन्हं एकेरी कर, नाहीतर फॉर्म्युला मध्येच तुटतो. आणि एक्सएमएलएनएसचा भाग (फाइल एसव्हीजी आहे हे सांगणारा) चुकूनही काढू नकोस.

रेघोटी:
फिल बदल, फिल, म्हणजे आतला भराव.

शीटवाली:
नाही हो, ल्युसाइडचे आयकॉन रेघांचे असतात, २४ बाय २४ च्या चौकटीत २ जाडीची रेघ. फिलला लाल दिला तर घंटेचा आयकॉन आतून लाल भरतो आणि कड काळीच राहते. स्ट्रोक, म्हणजे रेघेचा रंग, बदलायचा.

कायदेशीर:
लायसन्स बघितलंत का? ल्युसाइड आयएससी या मोकळ्या लायसन्सखाली आहे, पण फाँट ऑसम या दुसऱ्या सेटचे फुकटचे आयकॉन सीसी बाय ४.० लायसन्सखाली येतात, तिथे श्रेय द्यावं लागतं.

कामाचीयादी:
केलं सगळं, आता तर आयकॉनच गायब, नुसती रिकामी जागा!

शीटवाली:
रंग कसा लिहिलायस? हॅश (#) लावून आकडे टाकलेत का?

कामाचीयादी:
हो, ब्रँडचा लाल हवाय म्हणून.

शीटवाली:
तिथेच अडलंय. यूआरआयमध्ये हॅश आला की पुढचं सगळं वेगळा तुकडा धरलं जातं, म्हणजे आयकॉन अर्धाच पोचतो. हॅशच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून २३ लिही.

दृष्टीकोन:
लाल-हिरव्यातला फरक बऱ्याच जणांना दिसत नाही, त्यामुळे रंगाबरोबर आकारही बदला, झालेल्या कामाला बरोबरची खूण द्या.

कामाचीयादी:
आलं!! घंटा लाल झाली, खूप खूप आभार शीटवाली. खूणही टाकतो, इफमध्ये दोन आयकॉन बसतील ना? आणि फॉर्म्युला आत्ताच लांबलचक झालाय, मजकूर वेगळ्या टेबलात ठेवून तिथून उचलता येतो का?

शीटवाली:
येतो. आयकॉनचं टेबल कर, रंगाच्या जागी एखादा खुणेचा शब्द ठेव आणि लुकअप करून (टेबलातून मजकूर उचलून) सबस्टिट्यूट या शब्द बदलणाऱ्या फंक्शनने तो बदल.