मदत हवी आहे: सनस्क्रीन रोज लावूनही वांगाचे डाग गडद का होतायत?

आईच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती एसपीएफ ५० चं सनस्क्रीन रोज सकाळी लावते. उन्हात फारशी जातही नाही. पण दिवसभर शिवणकाम करते आणि मशीन खिडकीला लागून आहे. खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा चांगलाच काळवंडलाय. ती म्हणते, "या क्रीमचा काही उपयोग नाही, बंदच करते." तिने बंद करू नये असं मला फार वाटतं, पण पटवून सांगता येत नाहीये.

एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या अतिनील किरणांचा हिशोब, इतकं वाचलंय. यूव्हीए हे दुसरे अतिनील किरण काचेतून आत येतात, मग त्यांचं काय? आणि झिंक ऑक्साइडवालं घ्यावं का? ते म्हणे किरण आरशासारखे परतवतं, बाकीची सनस्क्रीनं नुसती शोषतात.

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

आईंना बंद करू देऊ नका. आरशाची गोष्ट सगळीकडे लिहिलेली असते, पण झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडसुद्धा अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेतात, परतवतात ते थोडेच. शोषण्यात कमीपणा काहीच नाही. सनस्क्रीनमधला किरण अडवणारा घटक किरणाची ऊर्जा घेतो आणि उष्णतेच्या रूपात सोडून देतो. तीच ऊर्जा पेशीतल्या डीएनएपर्यंत पोचली, तर शेजारशेजारचे थायमिन (डीएनएचा एक घटक) एकमेकांना चिकटतात आणि बिघाड तिथून सुरू होतो.

काचेबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. साधी काच यूव्हीबी जवळजवळ अडवते, यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते. सनस्क्रीन यूव्हीएही अडवतं याची खूण म्हणून ट्यूबवर वर्तुळात 'यूव्हीए' किंवा पीए++++ आहे का बघा. शिवाय वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, त्याला साधं सनस्क्रीन फारसं अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं.

किती लावतात हेही विचारा. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून करतात, घरी बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधलं बोट भरून लागतं.

धागाकर्ता

खूप आभार! ट्यूबवर वर्तुळातलं यूव्हीए आहे, आयर्न ऑक्साइड नाही. आई हरभऱ्याएवढंच घेते, तेही सकाळी एकदाच. टिंटेड सनस्क्रीन आत्ताच्या सनस्क्रीनवरून लावायचं की त्याच्याऐवजी?

प्रतिसाद

त्याच्याऐवजी चालेल, फक्त एसपीएफ ३० च्या खाली नको. घाम आला, तोंड पुसलं की परत लावायचं. उन्हात असतील तर दर दोन तासांनी. मशीन खिडकीपासून हलवता आलं तर आधी ते करा. आणि डाव्या-उजव्या गालातला फरक डॉक्टरांना आवर्जून दाखवा, औषध ठरवताना त्यांना उपयोगी पडेल.