डॉ. लागू खटला: विष सापडलंच नाही, मग शिक्षा कशी झाली?

वाचक_सातारा: आजोबांकडून पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्व्यांची केस ऐकली, काल झोपच लागली नाही. विधवा बाई, डॉक्टर लागू घरचाच झालेला, नोव्हेंबर १९५६ मध्ये तपासणीला म्हणून रात्रीच्या गाडीने मुंबईला नेलं आणि ती बेशुद्धच उतरली. पोस्टमॉर्टेममध्ये विष नाही म्हणतात, मग खून सिद्ध कसा केला?

जुनी_पेठ: त्याच्या वागण्यावरून. मुंबईच्या जीटी हॉस्पिटलात बाईंचं नावच खोटं दिलं, इंदुमती असं. त्या गेल्यावर नातेवाइकांना कळवलं नाही, प्रेत बेवारस सोडलं. आणि मग बाईंच्या नावाने पत्रं, की मी तीर्थयात्रेला गेले, जोशी नावाच्या माणसाशी लग्न केलं, जयपूरजवळ राहते! इकडे खोट्या सह्यांवर पैसे, शेअर काढणं चालूच. मेलेल्या बाईला पत्रातून जिवंत ठेवलं, मला हेच सगळ्यात भयंकर वाटतं.

मीरा_के: पण सुप्रीम कोर्टातले एक न्यायमूर्ती सहमत नव्हते ना?

जुनी_पेठ: हो, न्यायमूर्ती सरकार. त्यांना मृत्यू विषानेच झाला हे पुरेसं सिद्ध वाटलं नाही, बाईंना डायबेटिस होताच. डिसेंबर १९५९ ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला आणि फाशी कायम झाली. बहुमताचं म्हणणं असं की काही विषं शरीरात सापडतच नाहीत, आणि डॉक्टरला ते माहीत असतं, त्यामुळे परिस्थितीचा पुरावा भक्कम असला तर पुरतो.

मीरा_के: बाईंनी किती विश्वास टाकला असेल हो त्याच्यावर, औषधसुद्धा त्याच्याच हातचं.