'वापरलेलं पाणी परत केलं' म्हणजे नक्की कोणतं पाणी?

वडगाव शिवार (धागाकर्ता): पेरणीच्या आधी चर साफ करायला काढला होता. आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी ज्यांच्या भातात शिरतं त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. बांधाला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी युरियाची दोन पोती भरली. सगळ्याच कंपन्यांच्या होत्या, एकाच कुणाचं नाव घ्यायला नको. एका बाटलीचं लेबल अजून शाबूत होतं, त्यावर छापलंय 'मला रिसायकल करा'. आत बोटभर गाळ आणि एक मेलेली गोगलगाय.

त्यावरून मोठ्या कंपन्या बोलतात काय आणि करतात काय, ते वाचत बसलो. कोकाकोलाने 2016 मध्ये जाहीर केलं की आम्ही पेयांत वापरलेलं सगळं पाणी निसर्गाला आणि लोकांना परत देतोय, तेही ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. ऐकायला झकास. पण हा हिशेब बाटलीतल्या आणि कारखान्यातल्या पाण्याचा. साखर पिकवायला लागलेलं पाणी त्यात धरलेलंच नाही. आणि 2010 मध्ये त्यांच्याच सहभागाने युरोपातल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा अभ्यास झाला, त्यात एकूण पाणी निघालं 35 लिटर. त्यातलं 28 लिटर साखरेच्या बिटाचं, कारखान्यातलं अर्धा लिटरसुद्धा नाही. म्हणजे देणं 35 चं आणि पावती अर्ध्याची. आपल्याकडे बीट नाही, ऊस आहे. पुढचं तुम्हीच समजा.

प्लॅस्टिकचंही तसंच. 2018 मध्ये म्हणाले, 2030 पर्यंत विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे एक बाटली गोळा करू. 2022 मध्ये म्हणाले, 2030 पर्यंत चौथा हिस्सा माल परत भरता येणाऱ्या बाटल्यांतून देऊ. डिसेंबर 2024 मध्ये पहिल्याचं झालं 70 ते 75 टक्के, मुदत 2035. दुसरा आकडा गायबच. सोसायटीचं पीककर्ज आपण मार्चला नवं-जुनं करतो तसं. फरक एवढाच की आपल्या नावापुढे थकबाकी लागते.

अथणीचा ऊसवाला: काय सांगूलैस मर्दा! बिटाचा आकडा घेऊन उसाच्या फडात शिरलास. मी ऊस लावतो, पाचशे फुटांवर बोअर आहे, लपवत नाही. उन्हाळ्यात कृष्णा आटली की कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे विनवण्या करणारे आपणच. ते पाणी माझ्या फडाने प्यालं, कोकाकोलाने नाही. साखर कारखान्याकडून चहावाला घेतो, बेळगावचा कुंदावाला घेतो, तशीच ही कंपनी घेते. मग कुंद्याच्या खोक्यावरही पाण्याचा हिशेब छापा.

निपाणीकर: ऊसवाले, कुंदावाला 'मी पाणी परत केलं' असं सांगत जगभर फिरत नाही, मुद्दा तिथे आहे. केरळातलं प्लाचिमडा विसरलात? 2000 मध्ये कोकाकोलाचा कारखाना आला, दोनेक वर्षांत आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तोंडात घेववेना. मयिलम्मा नावाच्या आदिवासी बाईने गेटसमोर ठाण मांडलं, पंचायतीने 2003 मध्ये परवाना वाढवून द्यायला नकार दिला, 2004 मध्ये कारखाना बंद पडला. कारखान्याचा गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून वाटला होता, त्यात कॅडमियम आणि शिसं सापडलं. खत म्हणून! सरकारी समितीने नुकसान 216 कोटींचं काढलं. भरपाईसाठी 2011 मध्ये केरळ विधानसभेने विधेयक केलं, ते राष्ट्रपतींच्या संमतीविना तसंच राहिलं.

शहापूर पेठ: अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2005 मध्ये त्याच केरळच्या उच्च न्यायालयाने कंपनीला दिवसाला पाच लाख लिटरपर्यंत पाणी उपसायची मुभा दिली होती, पाऊस कमी झाल्याचा मुद्दाही तिथे आला होता. ते लिहिलं की राग थोडा उतरतो, म्हणून कुणी लिहीत नाही.
2003 मध्ये दिल्लीच्या एका संस्थेला शीतपेयांत कीटकनाशकं सापडली, ते प्रकरणही तसंच. कंपनीने काय औषध मुद्दाम ओतलं? आपण शेतात फवारलेलं जमिनीत मुरलं, बोअरने वर आलं आणि बाटलीत गेलं. तेच पाणी तुम्ही-आम्ही पितो. मी वकिली करत नाही, पण सगळं खापर एकाच्याच माथ्यावर फोडायचं म्हणजे अती होतं.

निपाणीकर: मुभेचं खरं, कबूल. पण कीटकनाशकांच्या प्रकरणात संसदेची समिती बसली होती, अध्यक्ष शरद पवार. 2004 मध्ये तिने दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे निष्कर्ष बरोबर ठरवले. आणि त्या केंद्राने अमेरिकेत विकली जाणारी दोन शीतपेयंही तपासली होती, त्यांत कीटकनाशक नव्हतं. म्हणजे पाणी साफ करता येतं. कुणासाठी करायचं, तेवढाच प्रश्न. आणि त्याच काळात आमिर खान टीव्हीवर 'ठंडा मतलब कोकाकोला' शिकवत होता. पुढे 2016 मध्ये त्यानेच पानी फाउंडेशन काढलं. माणूस बदलतो म्हणायचं, अजून काय.

खानापूर रोड, पानपट्टी: मी शिकलेला कमी, दुकानातलं सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, धंदा करायचाय. फ्रीज त्यांचा, लाईटबिल माझं. मे महिन्यात बायकोने केलेल्या कोकम सरबताच्या सहा बाटल्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. माल टाकायला येणाऱ्या पोराने मोबाइलवर फोटो काढला, दुसऱ्या दिवशी साहेब हजर. 'हे काढा, नाहीतर फ्रीज उचलतो.' फ्रीजवर मात्र हिरवी पानं काढलेली आणि निसर्ग वाचवायचा मजकूर.
कोकम बादलीत बर्फ घालून ठेवलं. दोन बाटल्या विकल्या, बाकीच्या पोरांनी संपवल्या. तरी फ्रीज परत केला नाही. नेला असता तर दुपारचं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं असतं.
आणि काचेची बाटली परत आणा म्हणणाऱ्यांना एक. मी क्रेट ठेवायचो, डिपॉझिट घ्यायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, 'दोन घोटांसाठी उभं राहू काय इथं? प्लॅस्टिकचं द्या.' गाडीच्या डिकीत टाकून निघून जायचं. ती बाटली नाल्यात मी टाकली नाही.

अथणीचा ऊसवाला: हे बरोबर बोललात मामा. बाटली नाल्यात टाकणारा कोण, तेही बघा की.

वडगाव शिवार: टाकणारा आपलाच, मान्य. पण काचेची बाटली होती तेव्हा टाकायला कुणाच्या हातात प्लॅस्टिक नव्हतं. रिकामी परत न्यायचा वाहतूकखर्च कुणाचा वाचला? तो वाचलेला पैसा माझ्या चरात पडलाय. आणि उसाचं म्हणशील तर दोन एकर माझाही आहे. मला लाज वाटते ती त्या 28 लिटरांची नाही. ते 28 लिटर पाटावर रात्रपाळी करून मी द्यायचे आणि 'पाणी वाचवणारी कंपनी' म्हणून फोटो दुसऱ्याने काढायचा, हे खटकतं.
असो. भंगारवाल्याने दोन्ही पोती घेतली नाहीत, माल चिखलाचा आहे म्हणाला. बांधावरच पडून आहेत.

खानापूर रोड, पानपट्टी: उद्यमबागेकडे एक जण घेतो. पण धुऊन, बुचं काढून द्यावं लागतं.

वडगाव शिवार: धुऊन? आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो हो.