दंडुक्यानं दक्षिण कोरिया घडला?

माळरान: कालच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं, ‘पार्क चुंग-हीसारखा हुकूमशहा मिळाला असता तर आपण १९८० सालीच दक्षिण कोरिया झालो असतो.’ राहवलं नाही म्हणून लिहितो. हुकूमशहा फिलिपिन्सलाही मिळाला, मार्कोस. देश कर्जात बुडाला. फरक अटीत होता. पार्कनं १९६१ मध्ये बँका ताब्यात घेतल्या आणि स्वस्त कर्ज निर्यातीला बांधलं: परदेशी गिऱ्हाइकाचं पतपत्र (माल पोचला की पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी) दाखवा, कर्ज न्या. आपण १९६९ मध्ये १४ बँका घेतल्या. आपल्या कारखानदाराला अशी अट कुणी घातली?

ताळेबंद: अट घालता येते हो. ती मोडणाऱ्याचं कर्ज तोडायला मतांची भीती नसलेलं सरकार लागतं.

माळरान: पार्क १९६३, ६७ आणि ७१ अशा तीन निवडणुका लढला. निर्णय त्याच काळातले: डॉलर १३० वरून २५५ वॉनवर गेला १९६४ मध्ये, ठेवींचे व्याजदर वाढले १९६५ मध्ये. युशिन राजवट, म्हणजे थेट निवडणूक मोडणारी उघड हुकूमशाही, १९७२ ची.

नांगरधारी: दोघंही जमीन विसरलात! कोरियात कमाल धारणा ३ हेक्टर, तीही १९५० पासून. कुळानं वर्षाच्या पिकाच्या दीडपट मोल पाच वर्षांत फेडायचं, दरसाल ३० टक्के. जमीनदाराच्या हाती सरकारी रोखे आले, कोरियन युद्धातल्या महागाईनं त्यांची माती झाली. पार्कला आडवा येणारा वर्गच उरला नाही. आपल्याकडे सीलिंग आलं १९६१ मध्ये, आणि बागायतदारांनी खातेफोड करून ठेवली.

ताळेबंद: आणि कूळकायदा? १ एप्रिल १९५७, कृषक दिन. मुंबई राज्यात लोकशाहीनंच कुळांना मालक केलं. कायदा वाचून बोला.

नांगरधारी: वाचलाय, कलमासकट. ३२-ग खाली चौकशी, मग किंमत, मग हप्ते, सगळे फिटले की ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र. कूळ तारखेला हजर नाही किंवा ‘घ्यायची नाही’ म्हणालं, की खरेदी निष्प्रभावी, आणि ३२-प खाली जमीन मालकाकडे परत जायची वाट मोकळी. ज्याच्या वाड्यावरून बी-बियाणं आणि उसनवार यायची, त्याच्यासमोर कूळ काय जबाब देणार? त्याआधी ‘राजीखुशीनं’ सोडलेल्या जमिनी तर हिशोबातच नाहीत. तुमची लोकशाही तलाठ्याच्या दप्तरात अडकली!

माळरान: विषय कोरियाचा आहे.

नांगरधारी: हाच विषय आहे. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, त्यावर सरकार कुणाचं ते ठरतं.

ताळेबंद: ३२-प चं मान्य, नाइलाजानं. पण पार्कचा १९७३ मधला पोलाद-रसायनांच्या कारखान्यांचा धडाका दंडुक्याशिवाय अशक्य होता.

माळरान: होता. त्याच धडाक्यात गरजेपेक्षा जास्त कारखाने उभे राहिले, आणि १९८० मध्ये तेल महागल्यावर अर्थव्यवस्था आकसली. तेव्हा कर्ज कुणाचं तोडलं?